गच्चीवरचे पापड आणि धंद्याचे गणित

रायपूरच्या जुन्या वस्त्यांपैकी ब्राह्मणपारा ही एक. छत्तीसगडीत ‘पारा’ म्हणजे मोहल्ला, आळी. कंकाली देवीच्या देवळामुळे हा भाग शहरात सर्वांना ठाऊक आहे. १८५४ साली इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा केले, तोवर छत्तीसगड भोसल्यांच्या राज्यात होते. त्यामुळे रायपुरात मराठी कुटुंबे नवखी नाहीत आणि इथल्या वाळवणांचीही त्यांना ओळख आहे. मराठी घरातले कोहळ्याचे सांडगे तीच इथली रखिया बडी. रखिया म्हणजे कोहळा. उडदाच्या वाटलेल्या डाळीत तीळ घालून थापतात ती बिजौरी.

नोकरीच्या धावपळीत ज्या घरांतली वाळवणे बंद झाली, त्यांना हे सारे विकत हवे असते. मग एखाद्या गृहिणीच्या मनात येते, ‘हाताला चव आहे, गच्ची आहे, चार पैसे का मिळवू नयेत?’ विचार चांगला आहे. पण साठवलेले पैसे डाळीत घालून वर्षभराने हात पोळून घेतलेली घरेही थोडी नाहीत. तिथे चव कमी पडलेली नसते, कमी पडलेली असते ती आखणी. धंद्याची आखणी म्हणजे मोठ्या कंपन्यांचे काम, हा समज मात्र खरा नाही. देशातल्या एका नामांकित उद्योगाने ती आखणी गच्चीवरच केली होती.

ऐंशी रुपयांची सुरुवात

१५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गृहिणी पापड लाटायला बसल्या. भांडवल होते उसने आणलेले ८० रुपये. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली आणि ती भुलेश्वरच्या एका व्यापाऱ्याकडे गेली. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये. हाच पुढे ‘श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड’ झाला. आज या संस्थेत ४५ हजारांवर महिला काम करतात. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली.

ही गोष्ट सांगताना कष्टांचे कौतुक होते आणि ते व्हायलाच हवे. परंतु कष्ट तर घरोघरच्या बायका करतात. या सातजणींचे वेगळेपण त्यांनी वेळीच केलेल्या निर्णयांत आहे.

एकच माल, एकच दर्जा

सुरुवातीला त्या दोन प्रकारचे पापड करीत. एक चांगला आणि एक स्वस्तात विकण्यासाठी थोडा हलका. त्यांचे मार्गदर्शक छगनलाल पारेख, म्हणजे छगनबाप्पा, यांनी सल्ला दिला की पापड एकाच दर्जाचा करा आणि त्यात कधी तडजोड करू नका. हलक्या मालाने चार गिऱ्हाइके वाढली असती. पण त्याच नावावर विश्वास ठेवणारी दहा गेली असती. तुटके पापड विकायचे नाहीत, ते शेजारीपाजारी वाटून टाकायचे, अशी त्यांची रीत होती.

पुढे बायका वाढल्या आणि गच्ची अपुरी पडू लागली. तेव्हा मोठी जागा घेण्याऐवजी डांगर घरी न्यायचे आणि पापड लाटून आणून द्यायचे, अशी व्यवस्था झाली. पीठ एकाच ठिकाणी भिजवले जाई, म्हणून हात अनेक असले तरी चव एकच राहिली. जागेचे भाडे वाचले आणि घर सांभाळून काम करण्याची सोयही झाली.

पावसाळ्याचे काय?

पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम बंद ठेवावे लागले. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. पापड खाटेवर, स्टोव्ह खाटेखाली! उपाय साधाच, पण बंद पडणारे चार महिने त्याने वाचवले.

ब्राह्मणपाऱ्यात बडीचा धंदा करू पाहणारीलाही हाच प्रश्न पडणार. रायपुरात मे महिन्यात ऊन कडक असते आणि जूनच्या मध्यास पाऊस दाराशी येतो. तेव्हा उन्हाळ्यातच वर्षाचा साठा करायचा, पावसाळ्यात चकली-चिवड्यासारखा दुसरा माल करायचा, की वाळवण्याचे साधन घ्यायचे, हे आधीच ठरवलेले बरे. साठा करायचा तर पैसा सहा-सहा महिने डब्यात अडकून पडतो, हेही लक्षात घ्यायला हवे.

गिऱ्हाईक कोण?

यानंतरचा निर्णय गिऱ्हाइकाचा. समजा, एक किलो बडीला डाळ, कोहळा व मसाला मिळून १८० रुपये लागले. पिशवीला १० आणि ने-आणीला २०. खर्च झाला २१० रुपये. भाव ठेवला ३००. दुकानदाराने त्यातले ६० ठेवून घेतले, तर हाती उरतात ३० रुपये आणि वाटण्याघाटण्याचे श्रम त्यातच आले. तीच बडी ओळखीच्या घरी थेट विकली तर ९० उरतात. पण तिथे गिऱ्हाईक मोजके आणि उधारीची भीड मोठी. दुकानात खप जास्त, नफा कमी. घरून नफा जास्त, खप कमी. यांतले एक सुरुवातीलाच निवडावे लागते. ‘सगळ्यांसाठी सगळे’ करायला गेले की भांडवल आणि श्रम दोन्ही विखुरतात.

स्वतःच्या श्रमाची मजुरी न धरणे ही घरगुती धंद्यातली सर्वांत मोठी चूक. घरखर्चाचा डबा आणि धंद्याचा डबा वेगळा हवा आणि रोजची जमा-खर्च वही हवी. विक्रीसाठी खाद्यपदार्थ करायचे तर अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी करून घ्यावी. पाकिटावरच्या त्या नोंदणीने गिऱ्हाइकाचा विश्वासही वाढतो.

कुठे थांबायचे?

लिज्जतचे सगळेच बेत पार पडले असे नाही. १९६१ साली मालाडला काम सुरू करण्याचा प्रयत्न फसला. अगरबत्ती, काडेपेटी, चामड्याच्या वस्तू हे उद्योगही जमले नाहीत. पण त्या अपयशाने पापडाचा मूळ धंदा बुडाला नाही. न जमणारे काम वेळेवर सोडणे हाही आखणीचाच भाग असतो.

म्हणून डाळ आणण्यापूर्वी घरातल्या सर्वांनी बसून एका कागदावर पाच गोष्टी लिहाव्यात. कोणता एक पदार्थ करायचा, तो कोणाला विकायचा, किलोमागे श्रम धरून काय उरेल, पावसाळ्यात काय करायचे आणि किती रुपये गेले की थांबायचे. यांतली शेवटची ओळ लिहिताना हात अडखळतो. पण मुलांच्या फीचे आणि आजारपणाचे पैसे धंद्यात ओढले जाऊ नयेत, ही काळजी तीच ओळ घेते.