पाठ्यपुस्तक घडते संपादकाच्या टेबलावर

जून महिना आला, नवी पुस्तके घरात आली, की त्यातल्या चुका शोधण्याची एक सार्वजनिक स्पर्धाच सुरू होते. कुठे चित्रातल्या फुलाला पाकळ्या जास्त, कुठे सनावळी चुकलेली, कुठे कवितेत इंग्रजी शब्द. मग प्रश्न येतो तो ठरलेला: असली पुस्तके लिहितात तरी कोण? हा प्रश्नच मला थोडा चुकीचा वाटतो. कथासंग्रह लिहिला जातो तसे पाठ्यपुस्तक लिहिले जात नाही. ते जुळवावे, छाटावे आणि पुन्हा जुळवावे लागते. हे काम शैक्षणिक प्रकाशनातला संपादक करतो. त्याच्याकडे जबाबदारी सगळी असते, पण अधिकार थोडा आणि वेळ त्याहून थोडा. पुस्तकांच्या दर्जाबद्दलच्या आपल्या बहुतेक तक्रारींचे मूळ तज्ज्ञांच्या अज्ञानापेक्षा या विषम वाटणीत आहे, असे माझे म्हणणे आहे.

पुरावा हवा असेल तर बालभारतीचे कोणतेही पुस्तक घ्या आणि सुरुवातीचे ते पान उघडा, जे कोणी वाचत नाही. विषय समितीचे अध्यक्ष, सदस्य, सदस्य-सचिव, त्याखाली अभ्यासगटातल्या शिक्षकांची लांबलचक यादी, मग चित्रकार, नकाशाकार, अक्षरजुळणी, निर्मिती अधिकारी. कागद 70 जीएसएम क्रीमवोव्ह, मुद्रणादेशाचा क्रमांक, मुद्रकाचे नाव आणि सर्वांत शेवटी प्रकाशक म्हणून मंडळाचे नियंत्रक, प्रभादेवी. बालभारती म्हणजेच महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ 27 जानेवारी 1967 रोजी पुण्यात स्थापन झाले, तेव्हापासून पुस्तक हे असे अनेक हातांचे काम झाले आहे. एवढ्या माणसांनी वेगवेगळ्या बैठकांत सुचवलेला मजकूर एकाच माणसाने लिहिल्यासारखा वाचता आला पाहिजे, ही किमया त्या यादीतल्या कोणत्याच पदाच्या नावातून कळत नाही.

प्रत्यक्षात काम कसे असते? चौथीसाठी पाण्याच्या बाष्पीभवनावर एक पाठ आला आहे असे समजू. लिहिणारा विषयातला जाणकार, व्याख्या बिनचूक. पण संपादकाला दिसते ते वेगळेच. ‘बाष्पीभवन’ हा शब्द पहिल्याच वाक्यात आला आहे आणि दोरीवर वाळणारे कपडे तिसऱ्या परिच्छेदात. वाक्य तीन ओळींचे आहे. वर्गात मोठ्याने वाचणाऱ्या मुलाला मध्येच दम लागेल. चित्रातली बाई गॅसवर पाणी उकळते आहे आणि मजकुरात चूल आहे. स्वाध्यायात ‘कारणे लिहा’ म्हटले आहे, पण उत्तरासाठी सोडलेली रेघ एका शब्दापुरती. शिवाय पुस्तक छापले जाते सोळा पानांच्या फर्म्यांत. पाठ चार ओळींनी वाढून नव्या पानावर गेला तर पुढचा सगळा हिशेब कोलमडतो, म्हणून त्या चार ओळी कुठून तरी काढाव्याच लागतात. काढायचे काय, हा निर्णय वरकरणी जागेचा, खरा अध्यापनाचा. उदाहरण काढले तर मुलाचे नुकसान, व्याख्या काढली तर परीक्षकाचा आक्षेप.

भूगोलात तर याहून कडक शिस्त. भारताचा नकाशा छापायचा तर सर्वेक्षण खात्याच्या टिपा सोबत आल्याच: सागरी हद्द आधाररेषेपासून 12 सागरी मैलांपर्यंत, पंजाब आणि हरियाणा या दोन्ही राज्यांची प्रशासकीय मुख्यालये चंडीगडला, वगैरे. मुलाला त्यांचा उपयोग शून्य, पण त्या वगळून चालत नाही. त्यात हेच पुस्तक मराठी, इंग्रजी, हिंदीपासून कन्नड-तेलुगूपर्यंत अनेक माध्यमांत जाणार. उर्दू पुस्तक तर उजवीकडून उघडते, म्हणजे समोरासमोरच्या पानांवरची डावी-उजवी चित्रे आपोआप जागा बदलतात. ‘डावीकडील चित्र पाहा’ ही साधी सूचनाही मग साधी राहत नाही.

संपादनाच्या या कामाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे 2019 सालचे दुसरीचे गणित. गणित समितीच्या प्रमुख होत्या डॉ. मंगला नारळीकर. ‘सत्तावीस’च्या जोडीला ‘वीस सात’ असे वाचन पुस्तकात आले आणि गहजब झाला. मराठीवर घाला इथपासून विधानसभेतल्या थट्टेपर्यंत सगळे झाले. बदलामागचे कारण मात्र सरळ होते. मराठीत आपण 27 लिहिताना आधी दोन लिहितो आणि म्हणताना आधी सात म्हणतो. ऐकलेल्या क्रमाने अंक मांडणारे मूल 72 लिहून बसते. कन्नडमध्ये ‘इप्पत्तेळु’ म्हणताना आधी वीसच येतात, त्यामुळे कन्नड माध्यमाच्या मुलापुढे हा पेच या रूपात येतच नाही. जुनी पद्धत पुस्तकातून काढलेलीही नव्हती, दोन्ही शेजारी शेजारी होत्या. माझ्या मते बदल शैक्षणिकदृष्ट्या योग्य होता. पण पाठ्यपुस्तकाचे पान मूल एकटे वाचत नाही. आई, आजोबा, शिकवणीच्या बाई आणि आमदार हे सगळे ते मुलाच्या खांद्यावरून वाचत असतात. बदलाचे कारण या मंडळींपर्यंत पोहोचण्याआधी पान पोहोचले. मुलासाठी बरोबर असलेली गोष्ट या बाकीच्या वाचकांच्या नजरेतून तपासणे, आणि तरीही मुलाच्या बाजूने उभे राहणे, हे संपादकाचे काम. बैठकीत मूल हजर नसते. त्याच्या वतीने बोलणारा हाच.

यावर एक जुना आणि वजनदार आक्षेप आहे. समितीची पुस्तके बेचव होतात. आचार्य अत्र्यांनी 1930च्या दशकात नवयुग वाचनमाला केली ती एका माणसाच्या रसिकतेवर, आणि ती पिढ्यांच्या लक्षात राहिली. आक्षेपात तथ्य आहे. समितीत कुणालाच न खटकणारा धडा निवडला जातो, आणि कुणालाच न खटकणारे लेखन सहसा कुणाला आवडतही नाही. पण अत्र्यांची उंची मोजताना आपण एक गोष्ट विसरतो: ते पुण्यात कॅम्प भागातल्या शाळेचे मुख्याध्यापक होते, वर्गात मुले कुठे कंटाळतात हे त्यांना रोज दिसत होते, आणि निवडीचा अंतिम शब्द त्यांचा होता. म्हणजे त्यांच्या यशातून समिती नकोच असे सिद्ध होत नाही. मुलांना ओळखणाऱ्या संपादकाला नकाराधिकार असावा, एवढेच सिद्ध होते. शिवाय ती भाषेची वाचनमाला होती. आज विज्ञान किंवा इतिहासाचे, अनेक माध्यमांत जाणारे पुस्तक एका माणसाच्या पसंतीवर सोपवावे असे त्या वाचनमालेचे चाहतेही म्हणणार नाहीत.

दुसरा आक्षेप बाजारातून येतो. पुण्यात अप्पा बळवंत चौकात उभे राहिले की कळते, मुले पाठ्यपुस्तकाइतकीच, कदाचित जास्त, मार्गदर्शके वाचतात. मग मूळ पुस्तकाच्या संपादनावर इतका जीव का टाकायचा? उलट मला वाटते, मार्गदर्शक काढणाऱ्या खाजगी प्रकाशनातला संपादक हा मूळ पुस्तकाचा सर्वांत बारकाईने वाचणारा वाचक असतो. नवे पुस्तक आले की त्याला काही आठवड्यांत प्रत्येक स्वाध्यायाचे उत्तर छापून द्यायचे असते. ज्या प्रश्नाला पाठात उत्तरच नाही, किंवा ज्याला दोन उत्तरे निघतात, तो त्याच्याच टेबलावर अडतो. अनेकदा हे काम पानामागे ठरलेल्या दरावर, घरी बसून करणारे शिक्षक करतात. शंका विचारायला वेळ नाही, विचारायची तर कोणाला हेही माहीत नाही. परिणामी प्रश्नातली संदिग्धता उत्तरात ठाम होऊन छापली जाते आणि मुले ती पाठ करतात. मूळ पुस्तक ढिले असेल तर मार्गदर्शक तो ढिलेपणा पक्का करते.

वेळेचा प्रश्न इथेच येतो. 2023-24 मध्ये दप्तराचे ओझे कमी व्हावे म्हणून पुस्तकांचे चार भाग केले गेले आणि पाठांमागे नोंदींसाठी कोरी पाने जोडली गेली. हेतू चांगला होता. पण मुलांच्या वह्या काही सुटल्या नाहीत आणि 2025-26 पासून कोरी पाने मागे घेतली गेली. असा निर्णय बदलायला एक शासन आदेश पुरतो. निर्मितीच्या टेबलावर मात्र त्याचा अर्थ होतो प्रत्येक पुस्तकाची पाने, भाग आणि अनुक्रमणिका पुन्हा मांडणे, तेही शाळा उघडण्याची तारीख न हलवता. त्याच वर्षी नव्या अभ्यासक्रमाचे पहिलीचे पुस्तक आले, आणि पुढच्या इयत्ता रांगेत आहेत.

मुदत वाढवली तर शाळा पुस्तकाविना उघडतील, असे उत्तर मिळेल, आणि ते खोटे नाही. म्हणून मुदत वाढवण्याऐवजी तिची सुरुवात अलीकडे आणावी लागेल: अभ्यासक्रम ठरणे आणि छपाई सुरू होणे यांच्यात निदान एक पूर्ण शालेय वर्ष. त्या वर्षात कच्चे पाठ झेरॉक्स करून पाच-दहा शाळांत, त्यातल्या दोन-तीन आदिवासी पाड्यांवरच्या, शिकवून पाहावेत, आणि मुले कुठे अडली याची टिपणे संपादकाने स्वतः वर्गात बसून घ्यावीत. खर्च होईल तो काही शाळांच्या प्रवासभत्त्याचा आणि काही रीम कागदाचा. शासकीय आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीची पुस्तके मोफत वाटली जातात, लाखांच्या घरात छापली जातात. त्यातली एक चूक दुरुस्त करायची तर शुद्धिपत्रक काढावे लागते, आणि ते गावोगावच्या वर्गात कितपत पोहोचते हे कोणत्याही शिक्षकाला विचारावे.