पटावरची मुले आणि पायथनची डिक्शनरी

दसरा-दिवाळी उलटली की बीड जिल्ह्यातल्या शाळांचा पट हलू लागतो. लिंबागणेशसारख्या गावांच्या आसपासची कितीतरी कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात. कोणी पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांकडे, तर कोणी कर्नाटकात. लेकरे आईबापांबरोबर जातात, नाहीतर मागे आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. कोणते मूल गेले आणि कोणते राहिले, ही नोंद चुकली तर त्या मुलाची शाळाच सुटायची वेळ येते.

समजा, लिंबागणेशच्या एखाद्या गुरुजींनी ही नोंद ठेवण्यासाठी दहा-बारा वर्षांपूर्वी संगणकावर एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. भाषा घेतली पायथन. ही भाषा गिदो व्हान रॉसम या डच गृहस्थांनी तयार केली आणि ती १९९१ साली लोकांपुढे आली. (नाव अजगराचे असले तरी ते आले एका ब्रिटिश विनोदी कार्यक्रमावरून, तेव्हा भिऊ नये.) या भाषेत 'डिक्शनरी' म्हणून एक सोय आहे. आपल्या दाखल-खारीज रजिस्टरासारखीच ती असते. रजिस्टरातला क्रमांक ही किल्ली. तिच्यापुढे मुलाचे नाव, इयत्ता, पालकांचा पत्ता. किल्ली सांगितली की पाने न चाळता नेमकी नोंद हाती येते. डिक्शनरीला जी ठरावीक कामे सांगता येतात, त्यांना 'मेथड' म्हणतात.

आता झाले असे, की ३ डिसेंबर २००८ रोजी पायथनची तिसरी आवृत्ती निघाली. तिच्यात मागच्या आवृत्तीशी मेळ राखायचा नाही, हे कर्त्यांनी जाणूनबुजून ठरवले होते. दुसऱ्या आवृत्तीची देखभाल १ जानेवारी २०२० पासून बंद झाली. शाळेत नवा संगणक आला, त्यावर तिसरी आवृत्ती बसली, आणि गुरुजींनी जुना प्रोग्रॅम त्यावर चढवला. पुढे काय होईल?

पहिली अडचण लगेच दिसते. अमुक क्रमांक पटावर आहे का, हे विचारण्यासाठी पूर्वी 'हॅज-की' नावाची मेथड होती. ती काढून टाकली. आता नुसता 'इन' हा शब्द वापरायचा. जुना प्रोग्रॅम 'हॅज-की'पाशी आला की थांबतो आणि अशी मेथडच नाही म्हणून सांगतो. ही चूक मला मुळीच वाईट वाटत नाही. ती ओरडून सांगते. आपण एक ओळ बदलतो, काम संपते.

खरी मेख 'कीज' या मेथडमध्ये आहे. सगळ्या किल्ल्या मागितल्या की जुनी आवृत्ती त्यांची स्वतंत्र यादी करून देई. जणू कारकुनाने रजिस्टरावरून क्रमांक वेगळ्या कागदावर उतरवून दिले. नवी आवृत्ती नक्कल करीत नाही. ती रजिस्टराकडे उघडणारी एक खिडकी देते. नोंदी लाखांनी असतील तर नकलेला जागा आणि वेळ दोन्ही लागतात, म्हणून हा बदल केला आणि तो योग्यच आहे. 'व्हॅल्यूज' आणि 'आयटम्स' या मेथडही आता तशाच खिडक्या देतात. पण खिडकीतून दिसते ते या घटकेचे. सकाळचे रजिस्टर संध्याकाळी तिच्यातून दिसत नाही.

गुरुजींचा प्रोग्रॅम असा होता. आधी सारा पट वाचायचा. किल्ल्या मागून 'आधीचे' या नावाने बाजूला ठेवायच्या. मग गावातून आलेल्या निरोपांप्रमाणे गेलेल्या मुलांच्या नोंदी पटावरून काढायच्या. शेवटी 'आधीचे'मधला एकेक क्रमांक घेऊन तो पटावर उरला आहे का पाहायचे. उरला नसेल तर तो छापायचा. ही झाली स्थलांतरित मुलांची यादी. जुन्या आवृत्तीत ती बरोबर छापून येई. नव्या आवृत्तीत 'आधीचे' ही खिडकी आहे. पटावरून अकरा नोंदी काढल्या की खिडकीतूनही त्याच अकरा नाहीशा होतात. तुलना होते ती पटाची पटाशीच. कागद कोरा येतो. संगणक कुठे अडखळत नाही, तक्रार करीत नाही. गावातून एकही मूल गेले नाही, असे मुकाट्याने सांगून मोकळा होतो! अन् त्या कोऱ्या कागदावर विसंबून वरच्या कचेरीला माहिती गेली, तर त्या अकरा लेकरांचा शोध घ्यायचा कोणी?

उपाय अगदी लहान आहे. किल्ल्या मागताना त्यांना 'लिस्ट' या शब्दाने वेढायचे, म्हणजे खिडकीऐवजी पूर्वीसारखी नक्कल मिळते. पटावरून फिरता फिरताच नोंदी खोडणारा प्रोग्रॅम असेल तर त्यालाही हेच औषध; मात्र तिथे संगणक चूक दाखवून थांबतो, म्हणून धोका कमी. जुने प्रोग्रॅम नव्या आवृत्तीत आणणारे 'टू-टू-थ्री' नावाचे साधन पायथनबरोबरच येत असे आणि ते हा बदल आपोआप करी. २०२४ च्या ३.१३ या आवृत्तीपासून ते वगळले आहे.

क्रमाचेही थोडे सांगतो. पूर्वी डिक्शनरीतल्या नोंदी कोणत्या क्रमाने बाहेर येतील याचा भरवसा नसे. २०१८ च्या ३.७ या आवृत्तीपासून ज्या क्रमाने घातल्या त्याच क्रमाने त्या येतील, अशी हमी आहे. पण उशिरा दाखल झालेले मूल शेवटीच येणार. हजेरीक्रमाने यादी हवी असेल तर 'सॉर्टेड' लावावेच लागते.

तेव्हा गुरुजींनो, जुना प्रोग्रॅम नव्या संगणकावर चालवताना आधी पाच मुलांचा खोटा पट करा. त्यातली दोन गेली असे सांगा. कागदावर ती दोन नावे आली, तरच खरा पट त्यात घाला.