नोकरी सोडून वकिली : त्याग नव्हे, तयारी हवी

आपल्या समाजातील नोकरदार वर्गात एक प्रश्न वारंवार ऐकू येतो. शाळेतील शिक्षक, बँकेतील लिपिक, एसटीतील कर्मचारी, मंत्रालयातील कक्ष अधिकारी असे कितीतरी कार्यकर्ते नोकरी सांभाळून एलएल.बी. होतात. पदवी हाती येते तेव्हा वय चाळिशीला टेकलेले असते. मग ते विचारतात, "साहेब, नोकरी सोडून वकिली करावी काय?"

या प्रश्नाला चळवळीत दोन ठरलेली उत्तरे मिळतात. भाषणबाज म्हणतात, बाबासाहेबांनी नोकरीला लाथ मारली, तुम्हीही मारा. घरचे म्हणतात, लागलेली सरकारी नोकरी सोडायला वेड लागले आहे काय? पहिले उत्तर माणसाला उघड्यावर सोडते आणि दुसरे त्याला जागच्या जागी बांधून ठेवते. विचार मात्र दोघेही करत नाहीत.

प्रथम बाबासाहेबांकडे पाहू. १९१७ मध्ये ते बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू झाले. तेथे कार्यालयात विटाळ, राहायला जागा नाही, पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेऊन आलेल्यांनी बाहेर काढले. बडोदा सुटले ते अपमानामुळे. परंतु नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात मिळालेली प्राध्यापकी त्यांनी मार्च १९२० मध्ये सोडली ती अपमानामुळे नव्हे. लंडनचे अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करायचे होते. त्यासाठी पगारातून शिल्लक टाकली होती, छत्रपती शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज यांची जुळणी केली होती. बडोदा त्यांना सोडावे लागले, सिडनहॅम त्यांनी ठरवून सोडले. हा फरक आमच्या भाषणांत कधी येत नाही.

पुढे १९२३ मध्ये मुंबईत वकिली सुरू केली तेव्हा बॅरिस्टर, डी.एस्सी. असूनही सॉलिसिटर मंडळी जातीमुळे काम देत नव्हती. म्हणून १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत त्यांनी अर्धवेळ शिकवले. नंतर शासकीय विधी महाविद्यालयातही शिकवले. म्हणजे वकिली स्वतःच्या पायावर उभी राहीपर्यंत घरखर्चाची दुसरी सोय त्यांनी ठेवली. आणि याच वकिलीने चळवळीला काय दिले? महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ रोजी झाला. डिसेंबर १९२७ मध्ये सवर्णांनी दावा लावला, त्यात बाबासाहेब स्वतः प्रतिवादी होते. अंतिम निकाल मुंबई उच्च न्यायालयातून १७ मार्च १९३७ रोजी लागला. तळ्यावर पाणी प्यायला एक दिवस लागला. तो हक्क कायद्याने टिकवायला दहा वर्षे लागली. दहा वर्षे तारखेला उभा राहणारा माणूस लागतो. तो पगारी नोकर असून चालत नाही.

आज अशा माणसाची गरज कमी झाली आहे काय? २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आरोपींना खुनाबद्दल शिक्षा दिली, मात्र अॅट्रॉसिटी कायदा लागू होत नाही असे ठरवले. २०१० मध्ये उच्च न्यायालयानेही हा कायदा लागू केला नाही. ज्या घटनेसाठी सारा समाज रस्त्यावर आला, त्या घटनेतील जात न्यायालयाच्या कागदावर सिद्ध झाली नाही. मोर्चाने सरकार हलते, पण फिर्यादीत, जबाबात, उलटतपासणीत जे येत नाही ते निकालात येत नाही.

यानंतर कायदा बळकट झाला. २६ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने कलम १५-अ आले. जामीन असो, दोषमुक्ती असो, शिक्षा असो, पीडिताला म्हणणे मांडण्याचा हक्क मिळाला. १९९५ च्या नियमांप्रमाणे पीडिताच्या इच्छेनुसार ज्येष्ठ वकील नेमण्याची तरतूद आधीपासून आहे. पण जामिनाच्या तारखेला तालुक्याहून आलेली विधवा बाई न्यायालयाच्या व्हरांड्यात एकटी बसलेली असेल, तर कलम १५-अ तिच्या काय कामाचे? तिच्या वतीने दोन पाने लेखी म्हणणे कोण दाखल करणार? तेव्हा नोकरी सोडून वकिलीत येण्याचा विचार मनात येणे हे वेड नव्हे. समाजाला त्याची गरज आहे.

गरज आहे म्हणून उद्या राजीनामा द्यावा, असे मात्र मी कुणालाही सांगणार नाही. काही गोष्टी स्पष्ट माहीत असाव्यात. पूर्णवेळ पगारी नोकरी आणि वकिली एकत्र चालत नाहीत, बार कौन्सिलचा नियम ४९ तशी मनाई करतो. म्हणजे रजा टाकून अधूनमधून कोटात जाऊ, हा विचार डोक्यातून काढावा. वय झाले म्हणून सनद मिळणार नाही, ही भीतीही खोटी. पंचेचाळीस वर्षांवरील व्यक्तींना मनाई करणारा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच रद्द केला. सनदेसाठी हजारो रुपये लागतात म्हणून थांबलेल्यांनी ३० जुलै २०२४ चा निकाल वाचावा. नोंदणी शुल्क सर्वसाधारण वर्गाला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये, याहून जास्त घेता येत नाही. मात्र धर्मांतरित बौद्धांनी जातीचा दाखला नीट करून ठेवावा. न्यायाधीश व्हायचे असेल, तर मे २०२५ च्या निकालाने कनिष्ठ स्तरावरील भरतीसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आली आहे.

सर्वात महत्त्वाचा मुद्दा पेन्शनचा. महाराष्ट्राच्या १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांप्रमाणे राजीनामा दिला तर आधीची सेवा बुडते. वीस वर्षांची अर्हताकारी सेवा झाल्यावर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेतली तर पेन्शन मिळते. अठरा वर्षांच्या सेवेत साहेबाशी भांडण झाले आणि रागात राजीनामा फेकला, तर नुकसान साहेबाचे होत नाही. १ नोव्हेंबर २००५ नंतर रुजू झालेल्यांचा हिशेब वेगळा आहे, त्यांनी तो आस्थापना शाखेत बसून कागदावर मांडावा.

इथे आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे. पुष्कळांना वकिलीची ओढ नसते, त्यांना कार्यालयातील छळापासून सुटका हवी असते. गोपनीय अहवालात मुद्दाम शेरे, आडवळणाच्या बदल्या, पदोन्नतीत डावलणे, जेवणाच्या डब्यापाशीही टोमणे. हा छळ खरा आहे. पण त्याचे उत्तर खुर्ची रिकामी करून देणे नव्हे. बिंदुनामावलीवर जागा आपल्याच वर्गाची राहते, पण ती भरली जाईल याची हमी कोण देतो? अनुशेष आणि कंत्राटी भरतीच्या काळात रिकामी झालेली राखीव जागा वर्षानुवर्षे रिकामीच राहू शकते. छळाविरुद्ध लढायला तक्रार आहे, संघटना आहे, प्रशासकीय न्यायाधिकरण आहे. पळण्यासाठी नोकरी सोडू नये. कुठे जायचे ते ठरले असेल तरच सोडावी.

मान्यवर कांशीराम पुण्यात संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. आंबेडकर जयंती व बुद्ध जयंतीच्या सुट्ट्यांवरून दीनाभाना यांनी दिलेल्या लढ्यातून ते चळवळीत आले आणि पुढे नोकरी सोडून पूर्णवेळ झाले. पण ६ डिसेंबर १९७८ रोजी बामसेफ उभी राहिली ती नोकरी न सोडणाऱ्यांची. ज्यांना आंदोलन करता येत नाही त्यांनी बुद्धी, पैसा आणि वेळ द्यावा, ही त्यामागची कल्पना होती. एकाने नोकरी सोडली आणि हजारोंनी नोकरीत राहून त्याला उभे केले. दोन्ही बाजू असतील तरच गाडी चालते.

तथागतांनी कोलिय दीघजाणूला गृहस्थाच्या हिताच्या चार गोष्टी सांगितल्या आहेत. उत्थान म्हणजे कामातील कष्ट व कौशल्य, आरक्षा म्हणजे मिळवलेल्याचे रक्षण, कल्याणमित्रता आणि समजीविता म्हणजे मिळकत पाहून खर्च. व्यवसाय बदलू पाहणाऱ्याने याच चार गोष्टी स्वतःला विचाराव्यात. दिवाणी व फौजदारी संहिता उघडून रोज अभ्यास होतो काय? दोन-तीन वर्षे फी आली नाही तरी घर चालेल एवढी शिल्लक आहे काय? हाताखाली घेईल असा प्रामाणिक ज्येष्ठ वकील आहे काय? फ्लॅटचा हप्ता आणि मुलीच्या शिक्षणाचा खर्च मांडला काय? घरच्या बाईला विचारले काय? चौकशी न करता तिच्या डोक्यावर संसार टाकणे याला त्याग म्हणत नाहीत.

शेवटी समाजालाही एक प्रश्न. जमिनीचा दावा, भूसंपादनाचा मोबदला, फ्लॅटचा करारनामा अशी पैशाची कामे आपण दुसऱ्यांच्या वकिलाकडे नेतो, तो मागेल ती फी देतो. मारहाणीची, अॅट्रॉसिटीची केस मात्र "आपला माणूस" म्हणून आपल्या वकिलाकडे फुकट आणतो. मग तो वकील पाच वर्षांत कंटाळतो, कुठल्या तरी पक्षाच्या दारात जातो आणि आपण त्याला विकला गेला म्हणतो. त्याला विकाऊ कोणी केले? वस्तीतील दहा घरांनी आपली दिवाणी कामे फी देऊन त्याच्याकडे नेली, तर त्याच फीवर तो त्या विधवा बाईची केस वर्षानुवर्षे लढू शकेल.

ज्याची तयारी झाली आहे त्याने जरूर यावे, न्यायालयात जागा भरपूर आहे. ज्याची झाली नाही त्याने खुर्ची सोडू नये, तेथून अभ्यास करावा आणि पगारातील वाटा चळवळीला द्यावा. दोघेही बाबासाहेबांचेच काम करत आहेत. जयभीम!