ब्रिटनांतील संशोधनपरीक्षा व हस्तलिखितांच्या सूची

ब्रिटनांतील विश्वविद्यालयांस संशोधनासाठीं मिळणाऱ्या सरकारी अनुदानाची वांटणी गुणांवरून करावी, या हेतूनें तेथें इ. स. १९८६ पासून मधूनमधून परीक्षा घेतात. इ. स. २०१४ पासून तिचें नांव ‘रिसर्च एक्सेलन्स फ्रेमवर्क’ असें आहे. इ. स. २०२१ च्या परीक्षेस १५७ संस्था बसल्या. १,८५,००० हून अधिक ग्रंथनिबंधादि कृति ३४ विषयमंडळांनीं जोखल्या. शेंकडा ६० गुण कृतींस, २५ समाजावरील परिणामास व १५ संस्थेंतील परिस्थितीस होते. कृतींतील नावीन्य, महत्त्व व काटेकोरपणा पाहून एकापासून चारपर्यंत तारे देतात. निबंध कोणत्या नियतकालिकांत आला यावरून प्रत ठरवूं नये, असा दंडक आहे. तो आम्हांस फार मानवतो.

आमच्या वाचकांच्या कामाची गोष्ट निराळीच आहे. या परीक्षेनें केलेल्या संशोधनाच्या व्याख्येंत कोश, संशोधित आवृत्ति व सूची यांचा स्पष्ट निर्देश आहे. सूचीकार म्हणजे कारकून, हें बोलणें आम्हीं स्वतः ऐकून घेतलें आहे. तें बोलणारांनीं ही व्याख्या अवश्य पाहावी.

अडचण आहे ती मुदतीची. वरील परीक्षेंत १ जानेवारी २०१४ ते ३१ डिसेंबर २०२० या सात वर्षांत प्रसिद्ध झालेलीच कृति चाले. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीस १९१९ पासून १९६६ पर्यंत काळ लागला. ती खंडशः निघाली म्हणून ठीक. परंतु एकट्यानें पंधरा वर्षें पोथ्या ताडून एकच ग्रंथ सिद्ध करणारानें काय करावें? विस्तृत ग्रंथास दोन कृतींचें वजन मागतां येतें. मुदत मात्र वाढत नाहीं.