पगारी फुटबॉलसाठी लढला, पहिली लीग जिंकली, तरी तुरुंगात का गेला? जाणून घ्या विल्यम सडेल यांच्याविषयी

नृसिंहवाडीपासून सुमारे ५० किलोमीटरवरच्या कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे तालमींची ईर्ष्या. बाहेरचा खेळाडू आणायचा, तर त्याचा खर्च कोण करणार? सुमारे १४० वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये याच प्रश्नावर वाद पेटला होता. त्याच्या केंद्रस्थानी होते प्रेस्टन नॉर्थ एंड क्लबचे विल्यम सडेल.

वाद काय होता?
सडेल कापडगिरणीचे व्यवस्थापक होते. त्यांनी स्कॉटलंडहून खेळाडू आणले. तेव्हा खेळण्याचे पैसे देणे नियमबाह्य होते. १८८४ मध्ये अप्टन पार्क क्लबने तक्रार केली, तेव्हा सडेल यांनी पैसे देत असल्याचे सरळ कबूल केले. प्रेस्टन एफए कपमधून बाद झाला. पण जुलै १८८५ मध्ये पगारी फुटबॉलला मान्यता मिळाली.

यश किती मोठे?
१८८८-८९ च्या पहिल्या लीगमध्ये प्रेस्टनने २२ पैकी १८ सामने जिंकले, ४ बरोबरीत सोडवले. त्याच मोसमात एकही गोल न स्वीकारता एफए कपही जिंकला. इंग्लंडच्या अव्वल साखळीत पुन्हा अपराजित राहायला २००३-०४ चा आर्सेनल उजाडावा लागला.

मग तुरुंग का?
लीगचे पहिले खजिनदार असलेले सडेल गिरणीच्या हिशेबात फेरफार करून पैसा क्लबकडे वळवत होते. १८९५ मध्ये त्यांना ३ वर्षांची शिक्षा झाली. पुढे ते दक्षिण आफ्रिकेत गेले, क्रीडा पत्रकारिता केली. १९११ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले.

खेळाडूंना पैसे देतो, हे त्यांनी उघड सांगितले. ते कुठून येतात, हे मात्र लपवले.