नवी मुंबईच्या उकाड्यात इंटरकूलरची परीक्षा

टर्बोचार्जर हवा दाबतो. दाबली की हवा तापते, आणि तापली की विरळ होते. इंजिनात जास्त हवा कोंबण्यासाठी टर्बो बसवलेला असतो, पण त्या कामातून निघालेली उष्णता मिळालेल्या फायद्याचा मोठा वाटा परत हिरावून घेते. टर्बो आणि इंजिन यांच्या मध्ये बसून ही उष्णता बाहेर टाकणारी अॅल्युमिनियमची जाळी म्हणजे इंटरकूलर. स्पोर्ट्स कारमुळे त्याची चर्चा फार होत असली, तरी नवी मुंबईला हा भाग ट्रकांमुळे जुनाच परिचयाचा आहे. वाशीच्या एपीएमसी बाजारात माल उतरवणारे आणि कळंबोलीत रांगेने उभे असलेले अवजड डिझेल ट्रक याच जाळीच्या जोरावर घाट चढतात.

टर्बोचार्जरची मूळ कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी याची. त्याचे पेटंट १९०५ चे. रस्त्यावरच्या गाड्यांत इंटरकूलर बऱ्याच उशिरा आला. पोर्शची पहिली ९११ टर्बो १९७५ मध्ये ३ लिटरच्या इंजिनासह बाजारात आली तेव्हा तिला इंटरकूलर नव्हता, आणि तिची शक्ती २६० अश्वशक्ती होती. १९७८ मध्ये इंजिन ३.३ लिटरचे झाले, मागच्या पंखाखाली इंटरकूलर बसला आणि शक्ती ३०० वर गेली. ही सगळी वाढ इंटरकूलरच्या खात्यावर मांडता येत नाही, कारण इंजिनही मोठे झाले होते. इंटरकूलरच्या परीक्षेतली पहिली अडचण नेमकी हीच आहे. गाडीत एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या, की कोणत्या बदलाने काय मिळाले हे वेगळे काढता येत नाही.

उष्णतेचा हिशेब साधा आहे. बाहेर ३२ अंश सेल्सिअस तापमान आहे आणि टर्बो हवा वातावरणाच्या दुप्पट दाबावर नेतो, म्हणजे गेजवर सुमारे १ बार बूस्ट दिसतो, असे धरू. कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के असेल तर त्यातून निघणारी हवा सुमारे १२७ अंशांची असते. दाब दुप्पट झाला तरी घनता जेमतेम दीडपट होते. हीच हवा इंटरकूलरने ६० अंशांवर आणली तर घनता १.८ पटींच्या वर जाते, म्हणजे त्याच बूस्टवर सुमारे २० टक्के जास्त हवा. पेट्रोल इंजिनात दुसरा फायदाही तितकाच मोलाचा असतो. गरम हवेने मिश्रण अवेळी पेटून इंजिन नॉक करू लागते, आणि ते टाळण्यासाठी इंजिनाचा संगणक (ईसीयू) ठिणगी उशिरा टाकतो. ठिणगी मागे गेली की शक्ती उतरते आणि एक्झॉस्ट आणखी तापतो.

ही उष्णता किती असते? साधारण २३० अश्वशक्तीचे दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन पूर्ण जोरात असताना सेकंदाला सुमारे १६० ग्रॅम हवा घेते. ती १२७ वरून ६० अंशांवर आणायची म्हणजे सुमारे ११ किलोवॅट उष्णता सतत बाहेर फेकायची. घरातले दीड टनाचे दोन एसी मिळून जेवढी उष्णता काढतात, तेवढे हे काम बंपरमागच्या एका जाळीकडून अपेक्षित असते.

आजच्या गाड्यांत हे काम दोन पद्धतींनी होते. २०१७ मध्ये भारतात आलेल्या स्कोडा ऑक्टेव्हिया आरएसमध्ये २३० अश्वशक्तीचे दोन लिटरचे इंजिन होते आणि इंटरकूलर हवेवर थंड होणारा होता. त्याउलट चाकणला तयार होणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टस जीटीच्या दीड लिटर टीएसआय इंजिनात इंटरकूलर दुसऱ्या पद्धतीचा आहे. तो पाण्यावर थंड होतो, आणि ते पाणी पुढच्या एका छोट्या वेगळ्या रेडिएटरमध्ये फिरते. पाण्याच्या पद्धतीत हवेचा मार्ग आखूड असतो, त्यामुळे टर्बोचा प्रतिसाद लवकर मिळतो आणि थोड्या वेळाचा भार पाणी सहज पोटात घेते. मात्र पाणी एकदा तापले की ते निवायलाही वेळ लागतो. म्हणून दोन्ही पद्धतींची चाचणी सारखी असली, तरी पाण्याच्या पद्धतीत पाण्याचे तापमान वेगळे नोंदवल्याशिवाय ती पूर्ण होत नाही.

मोजमापाला किमान तीन तापमाने लागतात: इंटरकूलरमध्ये शिरणाऱ्या हवेचे, त्यातून निघणाऱ्या हवेचे आणि जाळीवर बाहेरून आदळणाऱ्या हवेचे. गाडीच्या ओबीडी सॉकेटला स्वस्तातला अॅडॉप्टर लावला तरी मोबाइलवर इनटेकचे तापमान, मॅनिफोल्डचा दाब आणि आरपीएम दिसतात. तेवढ्यावर विसंबता येत नाही. कंपनीचा सेन्सर बऱ्याचदा तापलेल्या मॅनिफोल्डजवळ प्लास्टिकच्या आवरणात बसलेला असतो. तो उशिरा प्रतिसाद देतो आणि आजूबाजूची उष्णताही ओढून घेतो. सहा-सात सेकंदांच्या जोरदार धावेत हवा किती तापली हे त्याला कळेपर्यंत धाव संपलेली असते. म्हणून जाळीच्या दोन्ही तोंडांच्या पाइपांत उघड्या टोकाचे बारीक थर्मोकपल बसवावे लागतात. त्यांचे टोक पाइपाच्या भिंतीला न टेकता हवेच्या प्रवाहाच्या मध्यावर हवे. तिसरे तापमान जाळीच्या पुढ्यात, सावलीत मोजायचे. हवामान खात्याचा आकडा इथे उपयोगी पडत नाही. ऑक्टेव्हिया आरएसच्या घडणीच्या गाड्यांत एसीचा कंडेन्सर इंटरकूलरच्या पुढे असतो. नवी मुंबईत एसी बारा महिने चालू, त्यामुळे जाळीवर येणारी हवा कंडेन्सरने आधीच तापवलेली असते. म्हणून चाचणी एसी चालू आणि एसी बंद अशी दोन्ही वेळा करावी.

या तीन आकड्यांतून कार्यक्षमता निघते. शिरताना १२७, निघताना ६० आणि बाहेर ३२ अंश असतील, तर ९५ अंशांच्या फरकापैकी ६७ अंश काढले गेले, म्हणजे ७० टक्के. विक्रेत्यांच्या जाहिरातींत हाच आकडा झळकतो. पण त्याच्या जोडीला दाबातली घट मोजली नसेल, तर तो अर्धवट आहे. दाट पंख्यांची, म्हणजे धातूच्या पातळ पट्ट्यांची, जाळी हवा छान थंड करते आणि तिची वाटही अडवते. ईसीयू मॅनिफोल्डमधला दाब ठरलेल्या पातळीवर राखतो, त्यामुळे ही घट बूस्टच्या गेजवर दिसतच नाही. वरच्या उदाहरणात जाळीत ०.१ बार दाब खर्च होत असेल, तर टर्बोला हवा २ ऐवजी २.१ पटींवर न्यावी लागते आणि ती १२७ ऐवजी सुमारे १३५ अंशांवर बाहेर पडते. म्हणून जाळीच्या दोन्ही बाजूंना दाबाचे सेन्सर हवेत, आणि शक्य असेल तर वेस्टगेटची, म्हणजे एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेची, ड्यूटीही नोंदवावी. तेवढ्याच बूस्टसाठी वेस्टगेट आधीपेक्षा जास्त मिटलेला दिसला, तर टर्बो जास्त राबतो आहे हे उघड आहे.

खरी फसगत डायनोवर, म्हणजे गाडीची शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर, होते. डायनोवरची एक धाव काही सेकंदांत आटोपते. पाच किलो अॅल्युमिनियमची जाळी एका अंशाने तापायला सुमारे ४.५ किलोज्यूल उष्णता लागते. सहा सेकंदांच्या धावेत सरासरी ८ किलोवॅट उष्णता आली, तर ती एकूण ४८ किलोज्यूल होते. पुढून वारा अजिबात आला नाही तरी जाळी साधारण १०-११ अंशांनीच तापेल. म्हणजे पहिल्या धावेत उष्णतेचा मोठा भाग धातूच गिळतो, आणि दिसणारा आकडा जाळीच्या वजनाचा असतो. जड बार अँड प्लेट जाळी पहिल्या धावेत हलक्या ट्यूब अँड फिन जाळीपेक्षा सरस ठरते त्यात म्हणूनच नवल नाही. पाचव्या धावेत हा क्रम उलटू शकतो, कारण तोवर जड जाळी तापून भरलेली असते आणि हलक्या जाळीतून वारा सहज जातो. एकाच धावेचा शक्तीचा आलेख दाखवून विकलेल्या इंटरकूलरबद्दल त्या आलेखावरून जवळजवळ काहीच ठरवता येत नाही.

त्यामुळे चांगली चाचणी मालिकेची असते. गाडी पूर्ण तापवायची, मग त्याच गिअरमध्ये, त्याच आरपीएमपासून त्याच आरपीएमपर्यंत, ठरावीक अंतराने लागोपाठ पाच-सहा धावा घ्यायच्या. प्रत्येक धावेच्या सुरुवातीचे आणि शेवटचे तापमान लिहायचे, ठिणगी किती मागे गेली ते लिहायचे आणि शेवटच्या धावेनंतर जाळी मूळ तापमानाला यायला किती वेळ घेते तेही मोजायचे. आलेखात धाव क्रमांक एक आणि धाव क्रमांक पाच यांतले अंतर जितके कमी, तितका इंटरकूलर खरा. डायनोचा पंखा रस्त्यावरच्या वाऱ्याची बरोबरी क्वचितच करतो, म्हणून पंख्याची जागा आणि वेग बदलता कामा नये. शक्तीचे आकडे बरेच डायनो एसएई जे१३४९ या मानकानुसार २५ अंश आणि ९९ किलोपास्कल कोरड्या हवेवर आणून छापतात. तुलना करताना मूळ, दुरुस्ती न केलेले आकडेही मागून घ्यावेत.

रस्त्यावर पूर्ण जोराची धाव घेण्याची जागा नवी मुंबईत नाही. पाम बीच मार्ग सरळ आणि मोकळा दिसतो, पण तो वाहता रस्ता आहे. तिथे अशी चाचणी बेकायदा आहे आणि जिवावर बेतणारीही. त्यासाठी बंद मार्गच हवा. इंदूरजवळ पीथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा वेगवान ट्रॅक २०२१ पासून आहे. कायद्यात राहून रस्त्यावर दोन नोंदी मात्र उत्तम मिळतात. पहिली अटल सेतूवर: ताशी १०० किलोमीटरच्या मर्यादेत एकसारखा वेग धरला, की इंटरकूलरमधून निघणारी हवा बाहेरच्या तापमानापेक्षा थोडीच गरम राहायला हवी. हा गाडीचा मूळ आकडा. दुसरी महापे किंवा शिळफाट्याच्या कोंडीत: गाडी उभी, एसी चालू, जाळीवर वारा नाही. तापमान किती वेगाने चढते आणि कोंडी सुटल्यावर किती वेळात उतरते, हे तिथेच कळते. नोंदी सोबत्याने घ्याव्यात. चालकाने मोबाइलकडे बघू नये.

कळंबोलीहून द्रुतगती मार्गाने निघून खोपोलीनंतर बोरघाट चढणे ही तिसरी, वेगळ्याच जातीची परीक्षा आहे: भार जास्त, वेग कमी, आणि पुढे-मागे ट्रक. तिथे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवर आहे आणि तिथे हवेचा दाब साधारण ७ टक्के कमी असतो. मॅनिफोल्डमध्ये तोच दाब हवा असेल तर टर्बोला हवा जास्त पटींनी दाबावी लागते. म्हणून वाशीचे आकडे लोणावळ्याच्या आकड्यांशी ताडून बघू नयेत.

खाडीकाठच्या दमट हवेचा परिणामही मोजण्याइतका असतो. ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर हवेत सुमारे ३.४ टक्के वाफच असते आणि ऑक्सिजन त्या प्रमाणात कमी होतो. ही हवा दुप्पट दाबली की तिचा दवबिंदू सुमारे ३८ अंशांवर चढतो. याचा अर्थ, पावसाळ्याच्या दिवसांत जाळीने हवा ३८ अंशांच्या खाली आणली तर तिच्या आतच पाणी सुटू लागते. पूर्ण जोरात हवा इतकी थंड होत नाही. भिजलेली जाळी आणि थोड्या वेळाचा बूस्ट अशा वेळी हे घडू शकते. चाचणीच्या दिवसाची आर्द्रता वहीत लिहिलीच पाहिजे. पेट्रोलही तेच हवे: एकदा साधे आणि दुसऱ्यांदा १०० ऑक्टेनचे एक्सपी१०० भरले, तर ठिणगीच्या आकड्यांची तुलना निरर्थक होते.

या सगळ्याच्या आधी गळती तपासायची असते. टर्बोच्या तोंडाला बूच लावून कॉम्प्रेसरने हवा भरायची, होज पाइपांच्या सांध्यांवर आणि क्लिपांवर साबणाचे पाणी टाकायचे आणि बुडबुडे कुठे येतात ते पाहायचे. प्लास्टिकची टाकी अॅल्युमिनियमला जिथे दाबून बसवलेली असते, ती जागा विशेष पाहावी. मग बंपर उतरवून पंख्या बघायच्या. खाडीची खारी हवा पंख्या कुरतडते, आणि ट्रकांच्या वर्दळीची धूळ पावसाच्या चिखलासह त्यांत घट्ट बसते. कमी दाबाच्या पाण्याने मागून पुढे धुऊन, वाकलेल्या पंख्या सरळ करून पुन्हा मालिका घेतली, तर नवी जाळी घेण्याची गरजच अनेकदा उरत नाही.

त्यानंतरही पाचव्या धावेत गाडी ढेपाळत असेल तर मोठ्या जाळीचा विचार रास्त ठरतो. गाडीची नोंदणीतली माहिती बदलेल असे फेरफार करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने बंदी आहे, आणि वॉरंटीचा प्रश्नही उभा राहतो. दोन्ही आधी विचारून घ्यावेत. मोठ्या जाळीत हवा जास्त मावते, त्यामुळे बूस्ट चढायला किंचित उशीर होऊ शकतो. मागच्या रेडिएटरचा वाराही ती अडवते. म्हणून नव्या जाळीच्या मालिकेत कूलंटचे तापमान हा आणखी एक रकाना वाढतो. ते जुन्या नोंदींपेक्षा चढलेले दिसले, तर जाळीभोवतीच्या फटी फोमच्या पट्ट्यांनी बुजवून सगळा वारा जाळी आणि रेडिएटरमधूनच जाईल अशी वाट करून द्यावी लागते, आणि पाचही धावा त्याच डायनोवर, तेच पेट्रोल भरून पुन्हा घ्याव्या लागतात.