गाडीचा उंबरा

घराचा उंबरा म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें हळदीकुंकवाचीं बोटें, दिवाळींतील रांगोळी आणि सांजवेळीं ठेवलेला दिवा उभा राहतो. मोटारगाडीलाहि एक उंबरा असतो, हें मात्र आपणांपैकीं पुष्कळांच्या ध्यानांत नसतें. दार उघडून आपण आंत पाय टाकतों, तेव्हां ज्या पत्र्याच्या पट्टीवरून पाय जातो ती पट्टी म्हणजे गाडीचा उंबरा. कारखान्यांतील लोक तिला ‘सिल’ म्हणतात. घराच्या उंबऱ्याची आपण पूजा करतों. गाडीच्या उंबऱ्यावर चिखलाचे पाय ठेवतों आणि त्याला विसरून जातों. या विसरण्याची किंमत काय पडते हें मी स्वतःच्या अनुभवानें शिकलों, आणि तेंच आज आपणांस सांगणार आहें.

मी मावळांतला माणूस. पुण्याहून मुंबईच्या वाटेनें निघालें म्हणजे वडगांव, कामशेत, मळवली हीं गांवें ओलांडून लोणावळा येतें. अंतर सुमारें पांसष्ट किलोमीटरांचें. परंतु पावसाच्या हिशेबानें पाहिलें तर हे दोन निराळे मुलूख आहेत. पुण्यास वर्षाकांठीं सुमारें ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर लोणावळ्यास ४,००० मिलिमीटरांहूनहि अधिक. आषाढ-श्रावणांत दिवसचे दिवस सूर्यदर्शन नाहीं. कपाटांतल्या वहाणांना बुरशी येते आणि आगपेटीची काडी ओढून ओढून हात दुखतो. पवन मावळांत किंवा नाणे मावळांत मुख्य रस्ता सोडला कीं भातखाचरांच्या कडेनें जाणारी चिखलाची वाट लागते. तेथें चारीं चाकांना ओढ असलेली गाडीच कामाची. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांतच महिंद्र कंपनीनें मुंबईंत अमेरिकन विलीज जीपची जुळणी सुरू केली, आणि १९८५ सालीं मारुतीची जिप्सी आली. या दोन्ही घराण्यांतल्या म्हाताऱ्या गाड्या आमच्याकडे आजहि धांवतांना दिसतात.

अशाच जातीची एक गाडी माझ्या थोरल्या बंधूंनीं वीस-बावीस वर्षांपूर्वीं घेतली होती. आमच्या वाडीला दवाखाना नाहीं. रात्रीं-अपरात्रीं बाळंतीण किंवा सर्पदंश झालेला माणूस तळेगांवास न्यावयाचा झाला, तर सारी वाडी या गाडीकडेच धांव घेई. बंधू निवर्तल्यावर ती माझ्याकडे आली. जन्मभर मुलांच्या वह्या तपासलेल्या मला कोठेंहि उणीव दिसली कीं ती दुरुस्त केल्यावांचून राहवत नाहीं. गाडीखालीं वांकून पाहतां उंबऱ्याच्या तळाशीं बोटभर अंतराअंतरावर बारीक भोंकें दिसलीं. यांतून चिखल आंत जात असणार, असा तर्क करून मीं तीं सर्व लांबी भरून अंगठ्यानें नीट बुजवून टाकलीं, आणि मोठें शहाणपण केलें म्हणून त्या दिवशीं मनांतून फार प्रसन्न झालों.

तीन पावसाळे गेले. उंबऱ्यावरील रंगाला बारीक फोड आले. एका कारखान्यांत गाडी दाखविली. त्यांनीं फोड घांसले, वरून लांबी थापली आणि दोन दिवसांत रंग देऊन गाडी परत दिली. नव्यासारखी दिसूं लागली. पुढच्या श्रावणांत एका रात्रीं शेजारची सून अडली. तिला गाडींत घेण्यासाठीं तिच्या दिरानें उंबऱ्यावर पाय रोंवला मात्र, तोंच पत्रा कागदासारखा फाटून त्याचा पाय घोट्यापर्यंत आंत गेला. हातांतील माणूस त्यानें सोडलें नाहीं, म्हणून पुढचा अनर्थ टळला. बाळंतीण सुखरूप राहिली. त्याच्या नडगीला मात्र सात टांके पडले. ते टांके माझ्या लांबीचे होते, असेंच मी आजवर समजतों.

मग गाडी एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेली. पत्र्याचें काम करण्यांत त्यांचा जन्म गेलेला. त्यांनीं उंबरा उघडतांच आंतून ओल्या काळ्या चिखलाचा आणि गंजाच्या पोपड्यांचा ढीग जमिनीवर पडला. ते म्हणाले, ‘गुरुजी, हीं भोंकं कुणी बुजवलीं?’ मीं कबुली दिली. तेव्हां ते शांतपणें म्हणाले, ‘पाणी आंत यायला हजार वाटा हायेत, गुरुजी. भाईर जायला हीच एक व्हती.’

या एका वाक्यांत सारें शास्त्र आलें. गाडीचा उंबरा म्हणजे नुसती पट्टी नव्हे. दोन-तीन पत्रे वांकवून, कडेला जोडून केलेली ती एक पोकळ नळी असते. दाराच्या कांचेच्या फटींतून, जमिनीच्या सांध्यांतून आणि चाकांनीं उडविलेल्या चिखलांतून पाणी तींत शिरतेंच. तें निथळावें म्हणून कारखानदारानें तळाशीं भोंकें ठेवलेलीं असतात. तीं बुजलीं, मग तीं चिखलानें असोत वा माझ्यासारख्याच्या हातानें असोत, कीं त्या नळीचें डबकें होतें. लोखंड, पाणी आणि हवेंतील प्राणवायु हीं तिन्ही एकत्र आलीं म्हणजे गंज चढूं लागतो. हवेंतील दमटपणा शेंकडा साठांच्या पलीकडे गेला कीं हा वेग झपाट्यानें वाढतो, आणि आमच्याकडे पावसाळ्याचे चार महिने तो बहुतेक त्याच्या वरच असतो. ॲल्युमिनियमवर चढणारी पुटी घट्ट बसून आंतील धातूचें रक्षण करते. लोखंडाचा गंज मात्र सच्छिद्र असतो, मूळ धातूहून दुपटीपेक्षां अधिक जागा व्यापतो, आणि फुगून सुटत सुटत खालचें ताजें लोखंड पुन्हां पाण्यापुढें उघडें करतो. म्हणून गंज आंतून बाहेर येतो. रंगावर फोड दिसला त्या दिवशीं रोगाची सुरुवात झालेली नसते. तो आरपार आलेला असतो.

आतां कोणी म्हणेल, एवढ्याशा पट्टीनें काय बिघडतें? जीपजातीच्या गाड्यांत खालीं लोखंडी सांगाडा असतो आणि त्यावर धड बसविलेलें असतें. लहान शहरी मोटारींत असा वेगळा सांगाडा नसतो. तेथें उंबरा हाच गाडीचा कणा. परंतु सांगाड्याच्या गाडींतहि दाराचे खांब आणि बसण्याची जमीन यांना एकत्र धरणारा दुवा उंबराच असतो. कित्येक गाड्यांत बैठकीच्या पट्ट्यांची पकड याच्याच आसपास असते. तो कुजला म्हणजे दार नीट लागत नाहीं, जमीन खचते, आणि अपघाताच्या वेळीं जी पकड आपणांस वांचवावयाची, तीच उपटून येते. लांबीनें झांकलेल्या उंबऱ्याला यांपैकीं कशाचेंहि बळ नसतें. त्याला फक्त रूप असतें.

खरी दुरुस्ती कशी होते, हें मीं त्या मिस्त्रींच्या अंगणांत आठ दिवस बसून पाहिलें. आपणांपैकीं कोणी स्वतः सांधणकाम करणार नाहीं; पण काय मागावें आणि काय नाकारावें, एवढें तरी मालकाला कळलें पाहिजे.

प्रथम त्यांनीं सारा उंबरा हातोडीनें हलके ठोकून पाहिला. शाबूत पत्रा खणखणीत वाजतो, कुजलेला भद्द आवाज करतो. संशयाच्या जागीं पेचकसाचें टोंक दाबलें. तें आंत गेलें कीं तेथें खडूची खूण. माझ्या अपेक्षेहून खुणा तिप्पट लांब गेल्या. मग बॅटरी सोडली, आसनें व गालिचे काढले, पेट्रोलच्या नळ्या दूर केल्या आणि ओलीं पोतीं हाताशीं ठेवलीं. गाडी सपाट जागीं घोड्यांवर सांगाड्याच्या आधारानें उभी केली. जॅक उंबऱ्याखालीं कधींहि लावूं नये. कापण्यापूर्वीं दाराच्या चौकटींत एक आडवा लोखंडी दांडा तात्पुरता जोडला, आणि दारांच्या फटी मोजून लिहून ठेवल्या. कारण उंबरा कापतांना चौकट किंचित् जरी सरकली, तरी दार पुन्हां कधीं नीट बसत नाहीं. याच कारणास्तव एका वेळीं एकच बाजू हातीं घेतली.

मग कापणें. येथेंच पुष्कळ लोक कच खातात. गंज जेथें संपला असें दिसतें तेथें थांबावयाचें नसतें. पांढरा, चकचकीत, निरोगी पत्रा लागेपर्यंत जावें लागतें. कुजक्या कांठाला सांधा टिकत नाहीं. आंतला पत्रा आधीं, बाहेरचा मागाहून, हा क्रम. नवा पत्रा त्यांनीं अठरा गेजचा, म्हणजे सुमारें १.२ मिलिमीटर जाडीचा घेतला आणि जुन्या वांकाबरहुकूम ठोकून काढला. सांधा एका दमांत ओढला नाहीं. येथें एक ठिपका, हातभर पुढें दुसरा, मग परत मधला, असें करीत गेले. कारण एकाच जागीं उष्णता सांचली कीं पातळ पत्रा वांकडा होतो.

सांधे घांसून झाल्यावर जस्ताचा लेप आला. जस्त लोखंडाहून अधिक तत्परतेनें झिजतें, म्हणून तें स्वतः झिजून लोखंडास राखतें. या तत्त्वाचा उपयोग सर हंफ्री डेव्ही यांनीं १८२४ सालीं ब्रिटिश आरमाराच्या जहाजांच्या तांब्याच्या आवरणासाठीं केला होता. आमच्या लोणावळ्यास ‘शिवाजी’ ही आरमाराची यांत्रिक शिक्षणसंस्था १९४५ पासून आहे. जहाजाला समुद्राच्या पाण्यापासून राखावयाचें आणि जीपला मावळच्या पावसापासून, यांत तत्त्वाचा भेद नाहीं. लेपावर रंग, बाहेरच्या सांध्यांवर रबरी भरण, आणि सर्वांत शेवटीं लांब नळीनें उंबऱ्याच्या पोकळींत मेणाचा फवारा. हा आंतला फवारा कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं, म्हणून तो बहुधा गाळला जातो. आणि दुरुस्तीचें आयुष्य तर त्याच्यावरच अवलंबून. गंजावरच डांबरी काळा लेप चोपडणें किंवा जळकें तेल लावणें हे उपाय नव्हेत. पहिल्याच्या मागें पाणी अडकतें, दुसऱ्यानें रबराचे भाग कुजतात.

सर्व संपल्यावर मिस्त्रींनीं बारीक गिरमीट घेतलें आणि नव्या कोऱ्या उंबऱ्याच्या तळाला भोंकें पाडलीं. मला खालीं वांकवून तीं एकेक दाखविलीं. मीं मुकाट्यानें मोजलीं. एका बाजूला सहा होतीं.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनीं नव्यानें करावी लागते आणि पुढें दर पांच वर्षांनीं. त्या वेळीं, किंवा जुनी गाडी विकतांना, ‘वरवर करून द्या’ असें सांगण्याचा मोह होतो. तो मोह ज्यांना आवरत नाहीं त्यांनीं एवढेंच ध्यानांत आणावें कीं, त्या उंबऱ्यावर उद्यां कोणाचा तरी पाय पडणार आहे, आणि त्याच्या हातांत कदाचित् एखादी अडलेली बाई असेल.

आपली गाडी जुनी असो वा नवी, मृगापूर्वीं एकदां आणि दसऱ्याला एकदां तिच्या उंबऱ्याखालीं वांकून पाहावें. चिखल पाण्यानें धुवावा आणि प्रत्येक भोंकांत बारीक तार घालून तें मोकळें आहे कीं नाहीं याची खात्री करावी. दसऱ्याला आपण गाडीला झेंडूची माळ घालतोंच. त्याच दिवशीं पांच मिनिटें गुडघे टेंकून हें काम करणें कठीण नाहीं. गेलीं चार वर्षें मी तें करीत आहें. गाडी अजून वाडींत आहे, आणि रात्रीं कोणी हांक मारली तर निघते.